रोज दहा किलोमीटर, तेही अडीच-अडीचच्या तुकड्यांत. इंजिन ऑइल कोणतं टाकावं?

कॅप्सूल (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

माझं औषधाचं दुकान आहे. घर गोडोलीत, दुकान राजवाड्याकडे, अंतर अडीच किलोमीटर. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी, परत दुकान, रात्री साडेनऊला शटर ओढून घरी. म्हणजे दिवसाला चार फेऱ्या आणि प्रत्येक वेळी इंजिन गार. गाडी 2019ची वॅगनआर, 1 लिटर पेट्रोल, मीटरवर 19,400. शेवटचं ऑइल अकरा महिन्यांपूर्वी बदललं, त्यानंतर गाडी जेमतेम 3,100 किलोमीटर चालली.

गेल्या शुक्रवारी वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि सहज म्हणून ऑइलचं झाकण फिरवलं. आतून पिवळसर पांढरा चिकट थर. ताक घुसळताना रवीला लोणी धरायला लागतं ना, तसा. बोटाने पुसला तर निघाला, वास जरासा पेट्रोलचा.

गॅरेजवाल्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मॅडम, हेड गॅस्केट गेलं. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. गाडी सोडून जा, अठरा हजार धरून चाला." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी.) गाडी न बघता! माझ्या काउंटरवर कुणी खोकल्याचा आवाज फोनवर ऐकवून औषध मागितलं तर मी देत नाही हो.

मग जुनं बिल काढलं. त्यावर 20डब्ल्यू-40 लिहिलंय, म्हणजे जाड ऑइल. गाडीच्या पुस्तकात मात्र 0डब्ल्यू-20, म्हणजे पातळ. विचारलं तर म्हणाला, "गाडी जुनी होत चालली की जाड ऑइल लागतं, पातळ ऑइल म्हणजे पाणी."

तर प्रश्न असे. गॅस्केट खरंच गेलं असेल का? जाड की पातळ? आणि गाडी एवढी कमी चालत असेल तर ऑइल वर्षाने बदलायचं की दहा हजार पुरे होण्याची वाट बघायची? त्या हिशेबाने तीन वर्षं लागतील.

जाता जाता: आमचे हे रोज सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवतात आणि पायरीवर बसून पेपर वाचतात. "इंजिन गरम होऊ दे." हे बरोबर की चूक, तेही एकदा कुणीतरी सांगून टाका.

सहावा_गिअर (ठाणे)

सोपं आहे. फुल सिंथेटिक 5डब्ल्यू-40 घ्या, चांगल्या कंपनीचं, महागातलं. 15,000 किलोमीटर बघायचंच नाही. विषय संपला.

कॅप्सूल

माझ्या चालीने 15,000 व्हायला साडेचार वर्षं लागतील. तोवर ऑइल टिकेल, झाकणावरच्या लोण्याचं तूप होईल.

डेपोअण्णा (कोल्हापूर)

ताई, आधी गॅरेजला गाडी लावू नका. अठरा हजार कुठं पळून जात नाहीत.

मी एसटीच्या वर्कशॉपला एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. डिझेलची मोठी इंजिनं खोलण्यात हयात गेली, पण हा झाकणाखालचा लोण्याचा प्रकार पेट्रोल गाड्यांत शेजारपाजारी दर हिवाळ्यात बघतो. शंभरातल्या बहुतेक वेळा ते गॅस्केट नसतं.

काय होतं सांगतो. पेट्रोल जळालं की धुराबरोबर पाणीही तयार होतं, वाफेच्या रूपात. एक लिटर पेट्रोलमागं साधारण एक लिटर पाणी, खोटं वाटेल पण आहे. सकाळी सायलेन्सरमधून टिपूस गळतं ते हेच. यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलेलं असलं तर ही वाफ श्वासनळीच्या पाइपातून परत ओढली जाऊन सायलेन्सरवाटे बाहेर जाते. तुमचं इंजिन तापतंच कुठं? अडीच किलोमीटर म्हणजे सात-आठ मिनिटं. काटा मधे आला म्हणून आपल्याला वाटतं तापलं, पण तो काटा पाण्याचा, ऑइलचा नव्हे. ऑइल पुरतं तापायला पंधरा-वीस मिनिटं चालवायला लागतं. तोवर तुम्ही दुकानाचं कुलूप उघडून उदबत्ती लावलेली असते.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढून बघा, आतून पाणी असतं का नाही? सगळ्यात गार भाग तोच. तुमच्या ऑइलच्या झाकणाचं तसंच. तिथं पाणी बसतं, ऑइलशी घुसळतं, लोणी होतं.

दुसरं म्हणजे पेट्रोल. गार इंजिन चालू करताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. लांब चाललं तर ते उडून जातं, तुमच्याकडं साचतं. म्हणून वास आला. दिवसाला चार गार स्टार्ट म्हणजे चार घोट.

आता गॅस्केट गेलं का ते घरी बघायचं. तीन गोष्टी.

गेज काढा, तुम्ही डिपस्टिक म्हणता ती. पुसून परत घालून काढा. त्यावर ऑइल स्वच्छ असेल, चहा-दुधासारखं नसेल, तर निम्मी भीती गेली. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर चढली असेल तर मात्र पेट्रोल फार साठलं, ऑइल लगेच बदला.

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पांढरी बाटली असते, त्यावर गार इंजिनाला लेव्हलशी खूण करा. पंधरा दिवसांनी परत गार असतानाच बघा. गॅस्केट गेलं असेल तर लेव्हल उतरणारच. पाणी जाईल कुठं, आकाशातून तर येत नाही.

आणि झाकण पुसून कोरडं करा, मग गाडी हायवेला काढून पाऊण तास सलग चालवा. परत आल्यावर बघा.

तिन्हीत काही सापडलं, किंवा काटा गरमकडं सरकला, गरम इंजिनालाही पांढरा दाट गोडूस वासाचा धूर येत राहिला, तरच गॅस्केटचं बोलायचं.

जाड-पातळचं रात्री लिहितो, नातवाला क्लासवरून आणायचंय. अर्धा किलोमीटर आहे, चालत जातो, गाडी काढत नाही!

निगडी_डिझेल (पिंपरी-चिंचवड)

अण्णांना अनुमोदन. माझी बीएस-6 डिझेल आहे, 2021ची, ऑफिस चार किलोमीटर. डिझेलवाल्यांची गत याहून वाईट. धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर बसवलेला असतो, तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी गाडी जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडते आणि साफसफाई अर्धवट असताना आपण गाडी बंद केली की ते डिझेल खाली ऑइलमध्ये. माझी लेव्हल चार महिन्यांत वरच्या खुणेच्या बोटभर वर गेली होती. ऑइल न टाकता ऑइल वाढतंय म्हणून मी आधी खूश झालो होतो, हे कुणाला सांगू नका.

एवढ्या छोट्या फेऱ्यांना डिझेल घेऊच नये, हे मला शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही. विचारलं मीही नव्हतं.

डेपोअण्णा

आलो. आता जाड-पातळ.

20डब्ल्यू-40 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा गार असताना ऑइल किती लवकर हलतं त्याचा, दुसरा शंभर डिग्रीला किती दाट राहतं त्याचा. एसएई या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचा ठरलेला तक्ता आहे. शंभर डिग्रीला 20 नंबरचं ऑइल 6.9 ते 9.3 सेंटीस्टोकच्या (दाटपणाचं माप) मधे, 40 नंबरचं 12.5 ते 16.3.

पण ताई, शंभर डिग्री तुमच्या ऑइलने आठवड्यात एकदा तरी बघितली का? तुमचं ऑइल चाळीस-पन्नासमध्येच घुटमळतं. तिथं 20डब्ल्यू-40 हे 0डब्ल्यू-20 पेक्षा साधारण अडीच पट दाट असतं. काकवी आणि पाक. सकाळी चावी फिरवली की पंपाने ते खालून उचलून वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत न्यायचं असतं. जेवढं दाट तेवढा उशीर, आणि ते दोन-तीन सेकंद पत्रा पत्र्याला घासतो. झीज तिथं जास्त होते, हायवेला नाही. तुम्ही ते दिवसातून चारदा करता.

"जुनी गाडी, जाड ऑइल" हे आमच्या पिढीचं. पद्मिनी, ॲम्बेसेडरच्या काळात बेअरिंगच्या फटी मोठ्या, पंप तसले, शिवाय ऑइल पिणाऱ्या गाड्या, तिथं ते चालायचं. तुमची वॅगनआर 19,400 चाललीय. ही गाडी जुनी? माझ्या बसा एवढं दोन महिन्यांत पळायच्या. नव्या इंजिनात ऑइलच्या वाटाच बारीक केलेल्या असतात, पुस्तकात नंबर त्या हिशेबाने दिलेला असतो. पुस्तकात 0डब्ल्यू-20 तर 0डब्ल्यू-20 टाका. गॅरेजवाल्याची एक अडचण समजून घ्या, त्याच्याकडं 20डब्ल्यू-40 चा मोठा ड्रम असतो, बाइकला पण तेच, रिक्षाला पण तेच. तो तुम्हाला फसवतो असंच नाही, त्याच्याकडं तेवढंच आहे.

सहावा गिअर, तुमचं सिंथेटिक बरोबर. 0डब्ल्यू-20 घ्यायचं म्हणजे बहुतेक सिंथेटिकच मिळतं. पण महाग ऑइलात पेट्रोल आणि पाणी मिसळत नाही असं थोडंच आहे? दुधात पाणी घातलं तर म्हशीचं काय आणि गाईचं काय.

कॅनवर एपीआय एसपी लिहिलंय का बघा. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा 2020 पासून आलेला दर्जा आहे, टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी) झिजेची चाचणी त्यात आहे, आणि तुमच्या इंजिनाला चेन आहे, बेल्ट नाही.

कधी बदलायचं? पुस्तकात मागं बारीक अक्षरात खडतर वापराचं पान असेल ते वाचा. आपल्याला वाटतं खडतर म्हणजे धूळ, घाट, उसाची ट्रॉली ओढणं. वारंवार छोट्या फेऱ्यासुद्धा त्याच पानावर असतात. तुमचं किलोमीटरने मोजूच नका. सहा महिने. फार तर पावसाळ्याआधी एक, दिवाळीनंतर एक.

कॅप्सूल

अण्णा, पान सापडलं. 187 पानांच्या पुस्तकात एक चौकट, अगदी औषधाच्या घडीच्या कागदावर दुष्परिणाम छापतात तेवढ्या टायपात. मी रोज लोकांना सांगते, आतला कागद वाचा म्हणून. स्वतःच्या गाडीचा साडेपाच वर्षांत वाचला नाही.

डिपस्टिक बघितली. ऑइल काळपट पण दुधी नाही. लेव्हल वरच्या खुणेला अगदी टेकलेली, वर नाही. कूलंटच्या बाटलीवर दुकानातली कागदी चिकटपट्टी लावून बॉलपेनने रेघ आणि तारीख टाकलीय. झाकण स्पिरिटच्या कापसाने पुसलं.

रविवारी वाईला मावशीकडे जाणार आहे, पस्तीस किलोमीटर. तेवढं पुरेल? की यवतेश्वरच्या घाटाने कासला जाऊ? चढ आहे, लवकर तापेल.

डेपोअण्णा

वाई बेस. हायवेला सलग चाल मिळते. घाटात पहिल्या दोन किलोमीटरला गार इंजिन रेटू नका, आणि रविवारी कासच्या रस्त्याला गाड्यांची रांग, तुम्ही अर्धा वेळ उभ्याच. तापेल ते डोकं.

विनिपेगकर (विनिपेग, कॅनडा)

मूळचा मी फलटणचा, त्यामुळे सातारचं नाव बघून थांबलो.

ताई, तुमच्या ह्यांच्या पेपराबद्दल. इथे जानेवारीत सकाळी उणे तीस सर्रास असतं. गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबत असते, रात्री ती प्लगला लावायची म्हणजे आतला हीटर इंजिन कोमट ठेवतो. ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा खांबाखांबाला प्लग. 0डब्ल्यू आणि 5डब्ल्यू यातला फरक मला इथे येईपर्यंत आकड्यांचा खेळ वाटायचा. पहिल्याची चाचणी उणे पस्तीसला घेतात, दुसऱ्याची उणे तीसला, आणि ते पाच अंश पार्किंगमध्ये उभं राहून कळतात. सातारच्या थंडीला 20डब्ल्यूसुद्धा गाडी चालू करेल, त्यामुळे गॅरेजवाल्याला चूक कधी दिसणारच नाही. अण्णा म्हणतात ती झीज आवाज न करता होते.

पण एका जागी उभी करून तापवणं उणे तीसलाही फार उपयोगाचं नाही. इंजिन रिकामं चालताना उष्णता थोडी तयार होते आणि पेट्रोल मात्र जास्तीचं चालू राहतं, म्हणजे ऑइलमध्ये अजून पेट्रोल. मी पहिल्या हिवाळ्यात घरातून रिमोटने गाडी चालू करून दहा-दहा मिनिटं ठेवायचो, मुलाची शाळा दोन किलोमीटरवर. मार्चमध्ये झाकणाखाली तुमच्यासारखंच लोणी, फक्त गोठलेलं. आता तीसेक सेकंद थांबतो, निघतो, पहिले काही मिनिटं ॲक्सिलरेटर हलका ठेवतो. शनिवारी दुपारी शहराभोवतीच्या पेरिमीटर हायवेवर एक पूर्ण चक्कर मारतो, नव्वद किलोमीटरच्या आसपास होते. बायको याला इंजिनाची प्रदक्षिणा म्हणते.

कॅप्सूल

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कॅनडाचं कॅनडात." पेपर मात्र दुसऱ्या दिवशी घरात वाचला.

पेट्रोल_सीएनजी (सांगली)

मधेच विचारतो. सीएनजीवर ही भानगड नाही ना?

डेपोअण्णा

पेट्रोल मिसळायचा भाग कमी, गॅस ओघळत नाही. पण गाडी चालू पेट्रोलवर होऊन थोडं तापल्यावर गॅसवर जाते, तुमच्या फेऱ्या छोट्या असतील तर निम्मा रस्ता पेट्रोलवरच. आणि पाणी सीएनजी जळताना उलट जास्तच तयार होतं. लोणी तुम्हालाही मिळेल.

कॅप्सूल

अठरा दिवसांनी लिहितेय, दिवाळीची गर्दी होती.

दोन रविवार वाईला जाऊन आले. पहिल्या वेळी परत आल्यावर झाकण उघडलं तर आत ओलसर डाग, दुसऱ्या वेळी कोरडं, नुसतं ऑइल. कूलंट चिकटपट्टीच्या रेघेला जसंच्या तसं. अठरा हजार वाचले म्हणायचे.

ऑइल मंगळवारी बदललं, दुसऱ्या गॅरेजमध्ये. गाडी हायवेला वाढ्यापर्यंत फिरवून गरम असतानाच नेली, अण्णा तुम्ही मेसेजमध्ये सांगितलं होतं तसं, म्हणजे गाळ सगळा निघतो. मी स्टूल घेऊन शेजारीच बसले. पोरगा चांगला होता, बोलत बोलत काम करत होता. बोल्ट सोडल्यावर पत्र्याच्या ट्रेमध्ये जे पडलं ते सुरुवातीला काकवीसारखं दिसलं, पण बोटावर घेतलं तर धरत नव्हतं, आणि वास स्पष्ट पेट्रोलचा. 20डब्ल्यू-40 चं कुठलं काय उरलं होतं कोण जाणे. पोरगा म्हणाला, "मॅडम, वर्षभर याच्यावर चालवली?" मी म्हटलं, 3,400 किलोमीटरच झालेत. तर म्हणतो, "तेच ना."

0डब्ल्यू-20, एपीआय एसपी, सील माझ्यासमोर तोडलं. फिल्टर नवा, बोल्टखालचा वॉशर नवा. मजुरीसकट 2,350 झाले. रिकामा कॅन मी मागून घेतला.

डेपोअण्णा

कॅनला भोक पाडा बघू. रिकामे कॅन गोळा करून त्यात भलतंच भरून विकतात, सील पण नवं मिळतं.

कॅप्सूल

पाडलं. औषधाच्या बाटल्यांचं आम्ही तेच करतो, लेबल फाडून मगच टाकतो. त्या धंद्यातली माणसं वेगळी असतील, रीत तीच.

बॉनेटच्या आत एक लेबल चिकटवलंय, गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र लिहितो त्यातलं. बदलल्याची तारीख, नंबर, आणि खाली पुढच्या मे महिन्याची तारीख. पोरगा हसत होता.

दुपारची फेरीही बंद केली. डबा नेते, म्हणजे चार गार स्टार्टचे दोन झाले. पहिल्या दिवशी दुकानात मागे बसून जेवले तर दोन वाजता तीन गिऱ्हाइकं आली. इतकी वर्षं ती कुठे जात होती देव जाणे.

एकच विचारायचं राहिलं. सकाळी चालू करताना अजूनही एखादा सेकंद वरून टकटक येते आणि बंद होते. आधी चार-पाच सेकंद यायची. ही राहणारच का?

डेपोअण्णा

एका सेकंदाची राहू द्या. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर पोचेपर्यंत तेवढं होतंच. गरम इंजिनाला आली किंवा परत लांबायला लागली तर आधी गेज बघा, मग मला लिहा. आणि वाईहून येताना कंदी पेढे घेत असाल तर कोल्हापूर फार लांब नाही.

कॅप्सूल

अण्णा, कंदी पेढे सातारचे. वाईला कशाला जायला पाहिजे? कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर पडतं ना हायवेने? इंजिनाला चांगलंय म्हणता तर येते एखाद्या रविवारी.